दाद जागेला द्यावी

प्रश्न : मी २७ वर्षांची आहे. व्हिडिओ एडिटिंगचं काम करते. दोन वर्षांपासून एका फिल्म सोसायटीत जाते. तिथल्या एका ज्येष्ठ सरांनी आम्हाला सिनेमा बघायला शिकवलं. त्यांचा दिग्दर्शक मणि कौल यांच्यावर फार जीव. गेल्या वर्षी त्यांनी ‘उसकी रोटी’ दाखवला. मी मधे दोनदा पेंगले. दिवे लागल्यावर सरांनी विचारलं, ‘काय, कसा वाटला?’ मी म्हटलं, ‘सर, भारावून गेले.’ त्यांचा चेहरा असा खुलला की नंतर खरं सांगायची हिंमत झाली नाही. मग ‘सतह से उठता आदमी’ पाहिला, तो डोक्यावरून गेला. कौल मोठे होते हे मला मनापासून पटतं. त्यांनी कुणासाठी तडजोड केली नाही, याचा आदर वाटतो. पण सिनेमा चालू असताना मी तो संपायची वाट बघत असते. आता पुढच्या महिन्यात ‘दुविधा’ आहे आणि त्याआधी दहा मिनिटं मी बोलायचं, असं सरांनी ठरवलंय. तो मी घरी पाहिला. काही भाग फार सुंदर वाटला, काही ठिकाणी मन उडून गेलं. आणि खरं सांगू? त्याच गोष्टीवरचा ‘पहेली’ मला जास्त आवडतो. हे तिथे बोलायची सोय नाही. मी ढोंगी आहे का? की माझी कुवतच कमी आहे?
— दोन्हीकडून अडकलेली

उत्तर : प्रिय ‘दोन्हीकडून अडकलेली’,

तुमच्या पत्रातल्या ‘डोक्यावरून गेला’ या शब्दांपाशी मी बराच वेळ थांबले. आपल्याकडे मोठ्या नावाच्या कलाकृतीबद्दल ‘आवडली नाही’ म्हणायला जीभ रेटत नाही, म्हणून आपण ‘कळली नाही’ म्हणतो. ‘आवडली नाही’ म्हटलं तर बोट कलावंताकडे जातं, ‘कळली नाही’ म्हटलं की ते आपल्याकडे वळतं, आणि आपल्याकडे वळलेलं बोट सोसायला सोपं असतं. ‘अरसिकेषु कवित्वनिवेदनं शिरसि मा लिख’ ही ओळ आपण शाळेपासून ऐकलेली. त्या अरसिकांच्या रांगेत आपला नंबर लागू नये, ही धास्ती भल्याभल्यांना असते.

पण ही दोन वाक्यं एक नाहीत. तुमच्याच दोन सिनेमांवर ती लावून बघा.

‘सतह से उठता आदमी’ (१९८०) हा मुक्तिबोधांच्या लेखनावर उभा आहे. घर मराठी, पण लिहिलं हिंदीत, असा हा कवी. त्यांची कविता, कथा आणि वैचारिक गद्य यांतले तुकडे कौल यांनी एकमेकांत मिसळले आहेत. ज्यानं मुक्तिबोध वाचलेलेच नाहीत, त्याला पडद्यावर कोण कुणाशी आणि का बोलतंय याचा धागा लागणं अवघड. इथे ‘कळला नाही’ हे खरं वाक्य आहे, आणि त्यात कमीपणाचं काही नाही. मुक्तिबोध वाचा, मग पुन्हा बघा किंवा बघू नका. मी वाचून पुन्हा पाहिला. पहिल्यापेक्षा पुष्कळ कळला. आवडला मात्र नाही, आणि तिसऱ्यांदा बघायची मला इच्छा नाही.

‘उसकी रोटी’चं (१९७०) तसं नाही. त्यात न कळण्यासारखं आहे काय? हिंदी लेखक मोहन राकेश यांची साधी गोष्ट आहे. पंजाबातली बालो रोज रस्त्याच्या कडेला नवऱ्याची भाकर घेऊन उभी राहते. नवरा सुच्चासिंग बस चालवतो, बाहेरख्याली आहे, घरी क्वचित येतो. एके दिवशी धाकट्या बहिणीची छेड काढली जाते, त्या गडबडीत बालोला पोचायला उशीर होतो आणि सुच्चासिंग रागावून निघून जातो. मग ती उभी राहते आणि वाट बघते. एवढंच. हे तुम्हाला नक्की कळलं होतं. तुम्हाला सोसवला नाही तो त्या वाट बघण्याला दिलेला वेळ. तेव्हा ‘डोक्यावरून गेला’ हे इथे म्हणू नका. ‘तो वेळ माझ्यानं काढवला नाही’ असं म्हणा. हे वाक्य जास्त खरं आहे, आणि त्यावर पुढे बोलता येतं. ‘कळला नाही’वर कुणाला काही बोलताच येत नाही, समोरचा समजावायला लागतो आणि आपण मान हलवत राहतो.

कौल यांनी तो वेळ मुद्दाम तसा ठेवला. नटांनी भावना चेहऱ्यावर आणायची नाही, वाक्यं सपाट म्हणायची, आणि क्रिया संपली तरी कॅमेऱ्यानं लगेच निघायचं नाही. फ्रेंच दिग्दर्शक रोबेर ब्रेसाँ यांचा हा संस्कार ते स्वतः मान्य करत. सिनेमात त्यांनी दोनच लेन्स वापरल्या, एक २८ मिलिमीटरची, रुंद दृश्य टिपणारी, आणि एक १३५ची, दूरचं जवळ आणणारी. जे प्रत्यक्ष घडतं आणि जे बालोच्या मनात चालतं, ते लेन्सवरून वेगळं व्हावं असा विचार. के. के. महाजन यांना याच सिनेमाच्या छायाचित्रणासाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. हे सगळं मला माहीत आहे, आणि या हिंमतीपुढे मी खरंच नमते. २५-२६ वर्षांचा एक मुलगा, सरकारी फिल्म फायनान्स कॉर्पोरेशनचं छोटंसं कर्ज, आणि त्यातून तो अख्ख्या हिंदी सिनेमाची अभिनयाची आणि कथा सांगण्याची रीत बाजूला सारतो. सिनेमागृहांपर्यंत हा चित्रपट धड पोचलाच नाही, वर टीकेचा मारा झाला. तरी पुढच्याच वर्षी तो ‘आषाढ का एक दिन’ घेऊन उभा राहिला.

पण दोन लेन्सची गोष्ट कळली म्हणून पापण्या जड होणं थांबत नाही. माहितीनं आदर वाढतो. आनंदाचं मात्र सांगता येत नाही. कधी तो माहितीच्या मागोमाग येतो, कधी येतच नाही.

माझी एक जुनी चूक तुम्हाला सांगते. कॉलेजात असताना आम्ही पाच-सहा जणी हा सिनेमा बघायला गेलो होतो. सोळा मिलिमीटरचा प्रोजेक्टर खोलीतच घरघरत होता, मधे रीळ बदलायला थांबायचे. अर्ध्यानंतर आमच्या रांगेत खुसखुस सुरू झाली. बाहेर पडल्यावर एक जण म्हणाली, ‘शुद्ध थोतांड!’ आणि सगळ्या हसल्या. मीही हसले. खरं तर त्यातल्या बालोच्या हातांनी मला धरून ठेवलं होतं. हातांचे ते जवळून घेतलेले शॉट, त्यांची संथ हालचाल, आणि चेहरा काहीच बोलत नाही. आमच्या घरातल्या एका बाईचे हात मला त्यात दिसले होते. ते मी कुणाला सांगितलं नाही. घोळक्याबरोबर हसून मोकळी झाले. तुम्ही सरांच्या चेहऱ्याकडे बघून ‘भारावले’ म्हणालात, मी मैत्रिणींच्या चेहऱ्यांकडे बघून ‘थोतांड’ला मान डोलावली. दोघींनीही पडद्याकडे बघून उत्तर दिलं नाही. म्हणून तुम्हाला मी ढोंगी म्हणणार नाही. त्या एका संध्याकाळी तुम्ही खोटं बोललात, इतकंच. ते दुरुस्त करता येतं. मला मात्र माझं दुरुस्त करायला फार वर्षं लागली, कारण ‘थोतांड’ हा शब्द एकदा तोंडातून गेला की आपण त्याला जागत बसतो.

आता कुवतीचा प्रश्न. कौल यांचे सिनेमे न आवडणाऱ्यांत सत्यजित राय होते. त्यांनी १९७१ मध्ये या नव्या सिनेमाच्या लाटेबद्दल शंका घेणारा लेख लिहिला. १९७४ मध्ये ‘गर्म हवा’, ‘अंकुर’, कुमार शहानींचा ‘माया दर्पण’ आणि कौल यांचा ‘दुविधा’ यांच्यावर एकत्र लिहिताना शेवटच्या दोघांवर ते बरेच नाराज होते. दोन्ही लेख त्यांच्या ‘अवर फिल्म्स, देअर फिल्म्स’ या पुस्तकात आहेत. सोसायटीत कुणाकडे तरी नक्की असेल, मागून घ्या. त्याच ‘दुविधा’ला दिग्दर्शनाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला होता. राय यांना सिनेमा कळत नव्हता असं म्हणायची कुणाची छाती होईल? आणि कौल यांना येत नव्हता असंही नाही. मला राय यांचे ते लेख वाचताना प्रत्येक ठिकाणी पटले नाहीत. पण एक गोष्ट मनात राहिली. नाराज माणूससुद्धा सिनेमा नीट बघून, कुठे काय खटकलं ते नाव घेऊन लिहितो. न आवडलेल्या सिनेमाला त्यानं इतका वेळ दिला, इतकं लक्ष दिलं. माझ्या हिशेबी तो आदरच आहे. ‘भारावून गेले’ या दोन शब्दांत तो नव्हता.

दुसरं उदाहरण कौल यांच्या स्वतःच्या आयुष्यातलं. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये ऋत्विक घटक त्यांचे गुरू. घटकांचा सिनेमा आठवा. ‘मेघे ढाका तारा’मध्ये (१९६०) भावना कडेलोट होईपर्यंत भरलेली आहे, आवाज अंगावर येतात, शेवटी नायिका नीताची ती जगण्यासाठीची किंकाळी डोंगरांत घुमत राहते. अशा गुरूच्या या शिष्यानं पहिल्याच सिनेमात चेहऱ्यावरची सगळी भावना पुसून टाकली. तरी घटकांना ते आयुष्यभर गुरू मानत राहिले. गुरूची वाट सोडली म्हणून गुरूचा मान कमी झाला, असं त्यांना कधी वाटलं नाही. मग त्यांच्या प्रेक्षकानंच का वाटून घ्यावं?

तुमच्या सोसायटीत आलापाचा दाखला कुणीतरी दिलाच असेल. तो तसा चुकीचा नाही. कौल उस्ताद झिया मोहिउद्दीन डागर यांच्याकडे ध्रुपद शिकले. १९८२ मध्ये त्यांनी ‘ध्रुपद’ हा चित्रपट केला, त्यात झिया मोहिउद्दीन यांची रुद्रवीणा आणि त्यांचे धाकटे बंधू झिया फरिदुद्दीन यांचं गाणं आहे. ध्रुपदाच्या आलापात पखवाज नसतो, शब्द नसतात, एकेक सूर सावकाश उलगडतो. कौल यांचा सिनेमा असा बघावा, बंदिशीची घाई करू नये, असं त्यांचे चाहते सांगतात. मला हे अर्धंच पटतं. आलापात मला षड्ज, म्हणजे मूळ ‘सा’, कुठे आहे ते ठाऊक असतं. तानपुरा तो सतत ऐकवत असतो, म्हणून गायक कितीही दूर गेला तरी मी हरवत नाही. ‘उसकी रोटी’ बघताना माझा षड्ज सुटतो. कुणाचा सुटत नसेल, तो भाग्यवान. पण ‘तुला आलाप ऐकायची सवय नाही’ असं म्हणून या दाखल्याची काठी करून कुणी तुमच्या पाठीत घालत असेल, तर ती पाठ वाकवू नका. संगीताच्याच जगातली दुसरी एक रीत मला तुमच्यासाठी जास्त कामाची वाटते.

मैफलीत दाद कधी जाते? गाणारा मोठा आहे म्हणून सुरुवातीपासून शेवटपर्यंत कुणी ‘वाह वाह’ करत बसत नाही. केलंच तर शेजारचे वळून बघतात. दाद जाते जागेला. एखादा सूर असा लागतो, समेवर येणं असं घडतं, की तोंडातून आपसूक निघतं. मग पुढची पंधरा मिनिटं आपण गप्प असतो, कदाचित मन भरकटलेलंही असतं, आणि पुन्हा एक जागा येते. ती दाद ऐकणाऱ्याला कळतं की हा माणूस खरंच ऐकत होता. गाणाऱ्यालाही कळतं. एवढ्या मोठ्या गायकाला अडीच तासांत चारच वेळा दाद दिली म्हणून आपण त्याचा अपमान केला, असं कुणाच्या मनातही येत नाही.

सिनेमाच्या बाबतीत आपण ही रीत विसरतो. तिथे दिग्दर्शकाच्या नावाला एकगठ्ठा दाद द्यायची किंवा एकगठ्ठा नाकारायची, असा हिशेब चालतो. तुमच्या पत्रात मात्र एक वाक्य जागेला दिलेल्या दादेसारखं आहे. ‘काही भाग फार सुंदर वाटला, काही ठिकाणी मन उडून गेलं.’ तुमची दहा मिनिटं या वाक्यात आहेत. फक्त ‘काही भाग’ म्हणजे नेमका कुठला, ते शोधायचंय.

इथे तुमचा पेशा तुमच्या मदतीला येईल. तुम्ही एडिटर आहात. दिवसभर क्लिपा जोडता. माणूस उठला, वळला, दाराशी गेला, की हालचालीवर कट मारायचा हे तुमच्या बोटांत बसलेलं आहे. कौल नेमकं तिथे कट मारत नाहीत. माणूस फ्रेममधून निघून गेला तरी रिकामी भिंत, दार, ओटा थोडा वेळ तसाच राहतो. तुमचं मन उडालं ते बहुतेक अशाच जागी उडालं असणार. सामान्य प्रेक्षकाला नुसता कंटाळा येतो. तुमचा हात कट मारायला शिवशिवला असेल. ‘दुविधा’ पुन्हा लावा, कागद-पेन्सिल घ्या आणि जिथे जिथे हात शिवशिवेल तिथली वेळ लिहा. सिनेमा जेमतेम ८२ मिनिटांचा आहे. नंतर त्यातल्या पाच जागा निवडून स्वतःला विचारा, इथे मी कापलं असतं तर काय गेलं असतं? दोन ठिकाणी उत्तर येईल, ‘काहीच नाही.’ ते निर्धास्त सांगा. एक-दोन ठिकाणी कापायला गेलेला हात मागे येईल, आणि तो का आला हे तुमच्याइतकं नेमकं त्या खोलीत कुणालाच सांगता येणार नाही.

माझ्या जागा मी सांगते, पण तुमच्या त्याच असल्या पाहिजेत असं नाही. नवरीचा चेहरा, घुंगट आणि त्या पांढऱ्या भिंती. लघुचित्रांच्या शैलीतून कौल यांनी ही चौकट घेतली. खोली भासवण्यापेक्षा रंगाचे सपाट तुकडे शेजारी शेजारी ठेवायचे. मधेच चित्र गोठतं, स्थिर होतं, आणि निवेदनाचा आवाज पुढे जात राहतो, जणू कुणी गोष्ट सांगताना पोथीतलं चित्र समोर धरलंय. तिथे मी प्रत्येक वेळी हरखते. उलट, सासऱ्याच्या आणि नवऱ्याच्या हिशेबाच्या बोलण्यात ते सपाट म्हटलेले संवाद मला कोरडे लागतात, आणि तिथे माझंही लक्ष सुटतं.

‘पहेली’चं तर लपवूच नका. तो मुद्दा तुमच्या भाषणात यायलाच हवा. दोन्ही सिनेमे विजयदान देथा यांच्या एकाच राजस्थानी कथेवरचे. व्यापाऱ्याचा मुलगा लग्नाच्या दुसऱ्याच दिवशी धंद्यासाठी परगावी निघून जातो. वरातीच्या वाटेवर नवरीवर भाळलेलं भूत नवऱ्याचं रूप घेऊन घरी येतं, पण तिला फसवत नाही, खरं सांगून टाकतं. तिच्या आयुष्यात पहिल्यांदा तिला कुणीतरी विचारलेलं असतं. पुढे खरा नवरा परततो, एक धनगर भुताला पखालीत कोंडतो, आणि सगळा निकाल बाईला न विचारता लागतो. कौल तिथेच थांबतात. नवरी न निवडलेल्या नवऱ्याजवळ उरते. अमोल पालेकरांच्या ‘पहेली’त (२००५) भूत सुटून नवऱ्याच्याच देहात शिरतं, आणि तिला हवा तो माणूस मिळतो.

तुम्हाला ‘पहेली’ जास्त आवडतो, म्हणजे त्या बाईला तिचं माणूस मिळावं अशी तुमची इच्छा आहे. ती इच्छा ‘दुविधा’ बघतानाही तुमच्या मनात होतीच. कौल ती पुरी करत नाहीत. तुमचा ‘दुविधा’वरचा राग कंटाळ्याचा किती आणि या नकाराचा किती, हे जरा तपासा. मला वाटतं, शेवटी तो नकाराचाच जास्त निघेल. तसं असेल तर सिनेमानं तुम्हाला बाहेर ठेवलेलं नाही. त्यानं तुम्हाला दुखावलंय, आणि त्यासाठी आधी जवळ यावं लागतं. तसं नसेल, तुम्हाला नुसता ‘पहेली’ आवडत असेल, तर तेही ठीक. रंग, गाणी, दिलासा या गोष्टी आवडण्यात हलकेपणा नाही. गोष्ट ऐकताना शेवट गोड हवा असं म्हणणारी माणसं देथांना ती कथा ज्यांच्याकडून मिळाली त्या गावच्या मंडळींतही असतील.

आता सरांचं. भाषणाच्या दिवशी सगळ्यांसमोर त्यांना धक्का देऊ नका. आधी भेटा, चार लोक नसताना. वळणं घेत बसू नका. ‘सर, गेल्या वर्षी उसकी रोटीनंतर मी भारावले म्हणाले, ते खरं नव्हतं. मी मधे पेंगले होते. तुमचा चेहरा बघून खरं बोलवेना. दुविधाबद्दल मात्र मला खरं बोलायचंय, त्यात आवडलेलंही आहे आणि न आवडलेलंही.’ एवढं पुरे. ‘माझीच कुवत कमी’ हे वाक्य त्यात घालू नका. ते घातलंत की सर तुम्हाला धीर देत बसतील आणि मुद्दा राहून जाईल.

सर दुखावले जातील का? थोडे जातील. आपल्याला ज्याचं वेड आहे ते दुसऱ्याला नुसतं दाखवत नाही आपण, त्याच्या हातात ठेवतो, आणि त्यानं ते घेतलं नाही की लागतं. त्या लागण्याला मान द्या. पण ज्या माणसानं तुम्हाला दोन वर्षं बघायला शिकवलं, त्याला त्याच्या विद्यार्थिनीनं खरंच काय पाहिलं हे कळायला हवं. आज त्याला ते कळत नाही. तुमच्या ‘भारावून गेले’मुळे त्याची शिकवणी कुठे पोचली आणि कुठे अडली, हे त्याच्यापासून लपलंय. माझ्या ओळखीच्या कौलभक्तांपैकी निम्म्यांना तरी स्वतःला कुठला ना कुठला सिनेमा झेपलेला नाही. विचारून बघा, कदाचित सरच सांगतील.

आणि कौल यांचं सगळं बघितलंच पाहिजे, असं व्रत घेऊ नका. आदरापोटी सिनेमे बघायला लागलं की ते औषधासारखे होतात, नाक दाबून घ्यायचे. ‘सिद्धेश्वरी’ (१९८९) बघा, बनारसच्या गायिका सिद्धेश्वरी देवींवरचा. मीता वसिष्ठ आहेत, ठुमरी आहे, आणि गोष्टीचा धागा हातात ठेवायची सक्ती नाही. विनोदकुमार शुक्ल यांच्या कादंबरीवरचा ‘नौकर की कमीज’ (१९९९) बघा, त्यात एक हळुवार गंमत आहे, कौल यांच्याबद्दलची तुमची कल्पना त्यानं थोडी बदलेल. तेंडुलकरांच्या नाटकावरून ‘युक्त’ या सहकारी गटानं केलेला ‘घाशीराम कोतवाल’ही (१९७६) आहे, त्या गटात कौल होते, नाटक ओळखीचं असल्यानं सिनेमानं काय वेगळं केलं ते तुम्हाला चटकन दिसेल. यांतला एखादा अर्ध्यात सोडावासा वाटला तर सोडा. कुठे सोडला, ते मात्र लक्षात ठेवा. आणि दिवसभराच्या कामानं डोळे थकलेले असताना, रात्री अकराला, फोनच्या पडद्यावर यांतलं काहीही लावू नका. तसल्या पेंगण्यावरून कुठल्याच दिग्दर्शकाचा निकाल लागत नाही, आणि बघणाऱ्याचाही नाही.

भाषणाची सुरुवात हातानं करा, असं मी सुचवेन. ‘मी एडिटर आहे. हा सिनेमा बघताना माझा हात इतक्या वेळा कट मारायला गेला, आणि इतक्या वेळा मागे आला.’ आकडे खरे द्या. मग त्या जागा सांगा. दहा मिनिटं पुरायची नाहीत.

कार्यक्रम झाला की मला लिहा. सर काय म्हणाले ते सांगाच, पण त्याआधी हात कुठे कुठे मागे आला, ती यादी पाठवा.